अडीच किलोचा हिशेब

आज मिठाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या रविवारी. लांज्याहून आलेला प्रश्न आधी घेतो. आमच्याकडची माणसं काटकुळी, पेज-भात खाणारी, घाटी चढणारी, मग बीपी, साखर आणि लकवा येतो कुठून? रक्तातच आहे म्हणून सोडून द्यायचं का? माझ्या मते याचं बरंचसं उत्तर जन्माच्या वजनात आणि त्याही मागे, आईच्या मुलगीपणात आहे. इंग्लंडातल्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या मुलग्यांच्या वजनाच्या वह्या डेव्हिड बार्कर यांनी शोधून काढल्या. वर्षाचे असताना सर्वांत हलके असलेलेच पुढे हृदयविकाराने अधिक मेले, हे त्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. आपल्याकडे १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपल्या बाळात मांस कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. काटकुळेपणाच्या आत साखर दबा धरून बसते ती अशी. शिवाय मूत्रपिंडातल्या गाळण्या गर्भातच तयार होतात. त्या कमी पडल्या तर रक्तदाब वाढायला वाव मिळतो, आणि मेंदूतली रक्तवाहिनी फुटण्यामागे बहुधा तोच असतो.

कोणी म्हणेल, हलकं बाळ गरिबाघरचं. पुढे तंबाखू, कष्ट, अर्धवट शिक्षण हेही त्याच्याच वाट्याला येतं, मग दोष वजनाला कशाला? आक्षेप रास्त आहे. पण अमेरिकेतल्या परिचारिकांच्या अभ्यासात धूम्रपान आणि बालपणीची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरूनही हे नातं उरलं. आनुवंशिकताही मी नाकारत नाही. मात्र घराण्यातून नुसती जनुकं येत नाहीत. कोण आधी जेवतं, मुलीचं लग्न कितव्या वर्षी होतं, हेही घराण्यातूनच येतं.

मग गरोदरपणी खाऊ घातलं की झालं? मुंबईच्या वस्त्यांमधल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून भाजी-फळं-दुधाचा खाऊ देऊन पाहिला गेला. निदान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने भरली, आणि अगदी हडकुळ्या आयांना तर फायदा दिसलाच नाही. काहींना यात प्रयोगाचं अपयश दिसतं, मला उशीर दिसतो. आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वयाच्या १५२० मुलींचा अभ्यास हाती घेतला, तो म्हणूनच मोलाचा. त्यांच्या बाळांचं काय होतं हे कळायला वेळ लागेल. मला तर सोळावं वर्षही उशिराचं वाटतं. मुलीची उंची झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्याच्या आसपास, आणि शाळेतल्या वजनकाट्याची वही तेव्हा कोणी उघडत नाही.

हलकं जन्मलेल्याने मोठेपणी पथ्य पाळून उपयोग नाही, असा अर्थ मात्र काढू नये. गाळण्या कमी असतील तर सुकी मासळी आणि मिश्री इतरांपेक्षा लवकर अंगाशी येतात. किती लवकर, ते मिठाच्या लेखात.