घर, जागा आणि सांदवाडी : धानोऱ्यातील घरखरेदीच्या परिभाषेचा विचार

शब्दाचा अर्थ त्याच्या व्यवहारातील उपयोगाने ठरतो, हे तत्त्व भाषेच्या अभ्यासकास नवे नाही. घराच्या खरेदीखतात मात्र या तत्त्वाची कसोटी फार कठोरपणे लागते. कारण तेथे शब्दाची संदिग्धता ही केवळ अभ्यासकाची अडचण न राहता घेणाऱ्याची हानी ठरते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा या तालुक्याच्या ठिकाणी नोकरीनिमित्त आलेली दोन कुटुंबे मिळून, दोन बिऱ्हाडांस पुरेल असे व मागे सांदवाडी असलेले घर घेऊ इच्छितात, असा प्रसंग कल्पून त्या व्यवहारातील चार शब्दांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला शब्द 'घर'. 'आम्ही घर घेतले' असे आपण म्हणतो, तेव्हा इमारत, तिच्याखालची जमीन, पुढचे अंगण आणि मागचे परसू हे सारेच आपणांस अभिप्रेत असते. कायद्याची भाषा इतकी उदार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या आठव्या कलमात घराबरोबर काय काय हस्तांतरित होते याची गणना आहे. त्याच्याशी निगडित सुविधाधिकार, हस्तांतरणानंतरचे भाडे, कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि कायम उपयोगासाठी असलेल्या इतर वस्तू, अशी ती यादी आहे. तीत किल्लीचा उल्लेख आहे, परसाचा नाही. तेव्हा परसू हवे असेल, तर ते दस्तात स्वतंत्रपणे सांगितलेच पाहिजे.

दुसरा शब्द 'सांदवाडी'. प्रमाण मराठीत ज्यास परसू म्हणतात, त्यास झाडीपट्टीत हा शब्द रूढ आहे. घरामागची, कुंपणाने बंदिस्त केलेली, भाजीपाला लावण्याची ही जागा बोलणाऱ्याच्या मनात अगदी स्पष्ट असते. पण ती स्पष्टता वापराची आहे, मोजमापाची नाही. काट्यांचे कुंपण दर काही वर्षांनी नव्याने घातले जाते आणि ते जेथे आहे तेथेच हद्द असते, असे मुळीच नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये मिळकत ओळखता येईल इतके वर्णन दस्तात असावे लागते. म्हणून 'सांदवाडीसह' एवढा शब्द पुरेसा न मानता क्षेत्रफळ, लांबी-रुंदी व चतुःसीमा लिहाव्यात आणि तत्पूर्वी भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, हे श्रेयस्कर.

तिसरा शब्द 'नावावर'. 'घर त्यांच्या नावावर आहे' हे वाक्य निर्णायक वाटते. परंतु नाव कोणत्या वहीत आहे, हा खरा प्रश्न होय. घरपट्टीच्या नोंदीतील नाव कर कोणाकडून घ्यावयाचा हे सांगते. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. धानोऱ्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने संपूर्ण धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यात १९७४ साली जी सुधारणा झाली, तिच्यानुसार आदिवासीच्या भोगवट्यातील जमीन बिगर आदिवासीस विकावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते आणि तिला राज्य शासनाची संमती असावी लागते. याविरुद्ध झालेला व्यवहार अवैध ठरू शकतो. मग किंमत चुकती झालेली असो वा दस्त नोंदलेला असो. नोंदणीने दस्ताला पुरावा म्हणून बळ येते. विकणाऱ्याजवळ नसलेला अधिकार तिने उत्पन्न होत नाही.

हा निर्बंध केवळ कागदोपत्री अडथळा आहे असे मानणे चूक होईल. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने २०१३ साली महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ याच्या आधारे आपली जमीन ग्रामदान करण्याचा निर्णय घेतला. ग्रामदानात कसणाऱ्याचा कसण्याचा हक्क राहतो, पण जमीन गावाबाहेर विकता येत नाही. म्हणजे 'माझी जमीन' या पदातील 'माझी' आणि 'विकण्याजोगी' हे दोन अर्थ तेथे परस्परांपासून वेगळे झाले आहेत. नगरातून आलेल्या ग्राहकास हे दोन्ही अर्थ एकच वाटतात. त्याची पहिली गफलत येथेच होण्याचा संभव असतो.

चौथा शब्द 'दोघांचे'. समजा, एका कुटुंबाने बारा लाख व दुसऱ्याने आठ लाख रुपये आपापल्या पैशातून दिले. वेगळा करार नसेल तर वर उल्लेखिलेल्या १८८२ च्या अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमानुसार त्यांचे हिस्से रकमेच्या प्रमाणात, म्हणजे तीनास दोन असे होतात. कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तर ते समान मानले जातात. शिवाय हे हिस्से अविभक्त असतात. पुढील खोल्या एकाच्या व मागील दुसऱ्याच्या, ही तोंडी व्यवस्था राहण्याची सोय झाली. तिने मालकीची वाटणी होत नाही. सांदवाडी दोघांनी वापरावयाची आणि तिकडे जाण्याची वाट मात्र एकाच्याच स्वयंपाकघरातून, अशी रचना असल्यास स्नेह आहे तोवर काही बिघडत नाही. एकाची बदली होऊन त्याने हिस्सा विकला, की नव्या शेजाऱ्याशी त्या वाटेचा वाद उभा राहतो. म्हणून हिस्से, वाट, विहीर, सामाईक भिंत आणि दुरुस्तीचा खर्च यांविषयीचा लेख आरंभीच करावा.

तात्पर्य, अशा खरेदीत किंमत ठरविण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : विकणाऱ्यास विकण्याचा अधिकार आहे काय, 'घर' म्हणजे नेमके काय, सांदवाडीची हद्द कोठवर, आणि 'दोघांचे' म्हणजे कोणाचे किती. बोलीतील शब्द आपल्या जागी समर्थ आहेत. त्यांच्यामागे एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांची सहमती उभी असते. दस्त वाचणारा उद्याचा माणूस त्या सहमतीत सहभागी नसतो. त्याच्यासाठी प्रत्येक शब्दाची मर्यादा लिहून ठेवणे, हेच खरेदीखताचे प्रयोजन होय.