गाणं पोचतं, कव्हर कुठे राहतं?

फ्लॅक फायलींचा संग्रह फोनसाठी एमपीथ्री किंवा एमफोरएमध्ये बदलून घेतला, की पुष्कळदा गाणी व्यवस्थित वाजतात, पण अल्बमच्या कव्हरच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो. यावरचं निदान बहुतेकांच्या तोंडी तयार असतं: फाइल लहान केली, दर्जा उतरला, त्यात चित्रही गेलं. या निदानात तथ्य नाही. ध्वनिफायलीत दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र नांदत असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी आणि दुसरी म्हणजे टॅग, ज्यात गाण्याचं नाव, गायक, वर्ष आणि कव्हरचं चित्र असतं. एन्कोडर फक्त ध्वनी दाबतो, चित्राला तो हातही लावत नाही. जुन्या फायलीतला टॅग वाचून नव्या फायलीत तिच्या पद्धतीनं लिहिणं हे निराळं काम आहे आणि ते रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं करायचं असतं. त्यानं ते केलं तर ६४ केबीपीएसच्या फायलीतही कव्हर शाबूत येतं, आणि नाही केलं तर ३२० केबीपीएस ठेवूनही येत नाही. फ्लॅकमध्ये तर याचा धडधडीत पुरावा मिळतो. फायलीच्या सुरुवातीलाच मूळ ध्वनीवरून काढलेला एमडी५ हा पडताळणीचा आकडा नोंदलेला असतो. कव्हर घाला, काढा, बदला, तो आकडा तसाच राहतो. म्हणूनच ‘चित्र घातलं की आवाज बिघडतो’ ही उलट बाजूची भीतीही निराधार आहे.

मग चित्र मागे का राहतं? कारण टॅग सगळीकडे सारखाच असतो, ही समजूत मुळातच चुकीची आहे. एमपीथ्रीसाठी १९९६ मध्ये आलेला पहिला आयडीथ्री टॅग अवघ्या १२८ बाइटांचा होता आणि फायलीच्या शेवटी चिकटवलेला असे. शीर्षकाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. त्यात चित्र मावणं शक्यच नव्हतं. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीनं ही अडचण दूर केली. तिच्यात चित्रासाठी वेगळी चौकट आहे आणि त्या चौकटीत चित्राबरोबर त्याचा प्रकारही आकड्यानं लिहिला जातो: ३ म्हणजे पुढचं कव्हर, ४ म्हणजे मागचं, ५ म्हणजे आतल्या पुस्तिकेचं पान. फ्लॅकनं हीच क्रमवारी आपल्या चित्रांच्या ब्लॉकसाठी उचलली. ऑग व्हॉर्बिस आणि ओपस यांचे टॅग मात्र निव्वळ मजकुराचे. तिथे चित्र बेस-६४ पद्धतीनं अक्षरांत बदलून ठेवावं लागतं आणि ते सुमारे एक तृतीयांशानं फुगतं. एमफोरएमध्ये कव्हरचा कप्पा आहे, पण चित्र पुढचं की मागचं हे सांगायला तिथे जागाच नाही. वेव्हच्या प्रमाण माहितीत फक्त मजकूर बसतो. काही प्रोग्रॅम वेव्हमध्ये आयडीथ्रीचा तुकडा जोडतात खरा, पण बरेच प्लेअर त्याकडे बघतही नाहीत. म्हणून फ्लॅकवरून आधी वेव्ह आणि मग वेव्हवरून एमपीथ्री, असा जुन्या सवयीचा दोन टप्प्यांचा प्रवास केला, की चित्र बहुधा पहिल्याच टप्प्यावर गळतं. शेवटच्या एन्कोडरला दोष देण्यात अर्थ नसतो, त्याच्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं.

ही देवाणघेवाण किती नाजूक आहे, हे एका ठिकाणी फार स्पष्ट दिसतं. एमपीथ्रीत ध्वनीची प्रत्येक चौकट सलग अकरा एकांच्या, म्हणजे १ असलेल्या अकरा बिटांच्या, खुणेनं सुरू होते. जेपेग चित्राचे पहिले चार बाइट बहुधा एफएफ, डी८, एफएफ, ई० असे असतात, आणि त्यातल्या शेवटच्या दोनांत नेमके तेच सलग अकरा एक येतात. जुना प्लेअर चित्रालाच ध्वनी समजून वाजवू पाहील, म्हणून आयडीथ्रीत अशा एफएफनंतर एक शून्य बाइट घुसवण्याची सोय ठेवली आहे. चित्र बाहेर काढताना ती शून्यं वगळायची असतात. एखाद्या प्रोग्रॅमनं ती तशीच पुढे नेली, तर नव्या फायलीत चित्र असतं, त्याची लांबीही दिसते, पण ते उघडत नाही.

पुष्कळ रूपांतरक प्रोग्रॅमच्या पोटात प्रत्यक्ष रूपांतर करणारं एफएफएमपेग हे साधन असतं. ते फायलीतल्या कव्हरला एका चित्राचा व्हिडिओ प्रवाह मानतं. त्यामुळे इकडून तिकडून उतरवलेल्या आज्ञेत ‘व्हीएन’, म्हणजे व्हिडिओ नको, हा पर्याय असला की कव्हर बिनबोभाट जातं. तो काढला आणि चित्राबद्दल काहीच सांगितलं नाही, तर एमपीथ्री बनवताना एफएफएमपेग जेपेगचं पीएनजी करतं आणि फाइल विनाकारण जाड होते. चित्राचा प्रवाह जसाच्या तसा ‘कॉपी’ करायला सांगणं, हा तिथला खरा उपाय. ओपस हवं असेल तर ओपसएन्क या प्रोग्रॅमला फ्लॅक थेट द्यावी, टॅग आणि चित्रं दोन्ही ते स्वतःहून नेतं.

‘प्लेअरमध्ये कव्हर दिसतं, म्हणजे ते फायलीतच आहे’ हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो उघडकीला येतो तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक प्लेअर शेजारची ‘फोल्डर’ किंवा ‘कव्हर’ नावाची जेपेग फाइल उचलून दाखवतात. आयट्यून्सनं आपणहून उतरवलेली कव्हरं गाण्याच्या फायलीत जात नसत, ती त्याच्या वेगळ्या साठ्यात राहत. फायली दुसऱ्या संगणकावर नेल्या की मागे काहीच उरत नाही आणि खापर रूपांतरावर फुटतं. खात्री करायची तर एकच फाइल रिकाम्या फोल्डरमध्ये न्यावी आणि टॅग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. फ्लॅकसाठी मेटाफ्लॅक चित्राचा प्रकार, लांबी-रुंदी आणि बाइटांची संख्या सगळं सांगतं.

यावर आक्षेप येतो, की एवढा खटाटोप हवाच कशाला, कव्हर काय, इंटरनेटवरून पुन्हा मिळेल. गाजलेल्या चित्रपटांच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. पण नाट्यसंगीताच्या किंवा ख्यालाच्या जुन्या एलपीचं मागचं कव्हर ही शोभेची वस्तू नाही. तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, राग कुठला, ताल कुठला, हे पुष्कळदा तिथेच छापलेलं असतं आणि टॅगच्या नेहमीच्या रकान्यांत ते कोणी भरलेलं नसतं. आपोआप कव्हर शोधणारी साधनं नावावरून जुळवाजुळव करतात. एकाच गायकाच्या मूळ रेकॉर्डऐवजी नंतरच्या निवडक गाण्यांच्या सीडीचं कव्हर त्यांनी आणून चिकटवलं, तर साथीदारांची नावं तर जातातच, वर वर्षही चुकीचं वाटू लागतं. मूळ कव्हरं हाती असली, तरी एमफोरएमध्ये अडचण उरतेच: पुढचं आणि मागचं दोन्ही एकामागून एक ठेवता येतात, पण त्यांची ओळख पुसली जाते आणि बहुतेक प्लेअर पहिलंच दाखवून थांबतात.

आकाराचा आक्षेप मात्र रास्त आहे. १२८ केबीपीएसचं तीन मिनिटांचं गाणं साधारण २.९ एमबीचं होतं. त्यात ५ एमबीचं स्कॅन कोंबलं तर चित्रच गाण्यापेक्षा मोठं, आणि दहा गाण्यांत तेच दहा वेळा. फोनच्या प्रतीत पुढचं कव्हर लहान करून घालावं, त्यात काही बिघडत नाही. मूळ फ्लॅकमध्ये मात्र दोन्ही बाजू वाचता येतील एवढ्या मोठ्या ठेवाव्यात. तिथे एका चित्राला जवळजवळ १६ एमबीपर्यंत जागा आहे, आणि एलपीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं नीट उतरायला तेवढी पुरते.