बिनचेहऱ्याचे गिऱ्हाईक

दुकानात गिऱ्हाईक येते, कापड हाताळते, भाव विचारते आणि काही न घेता निघून जाते. नाव कळत नाही, पण चेहरा लक्षात राहतो. वेबसाइटवर मात्र चेहराही दिसत नाही. अशा अनोळखी गिऱ्हाइकाची ओळख पटवून देतो, असे सांगणाऱ्या कंपन्या आता निघाल्या आहेत. त्यांना दरमहा पैसे मोजण्यापूर्वी ही ओळख पटते तरी कशी, हे पाहावे असे आम्हास वाटते.

पहिली खूण कुकीची. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी ती काढली. ही एक चिठ्ठीच म्हणा. वेबसाइट ती गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते. ते पुन्हा आले की 'हे तेच' एवढे कळते. नाव नाही. दुसरी खूण इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाची, म्हणजे आयपी पत्त्याची. मोठ्या कचेरीची स्वतःची जोडणी असेल तर कोणत्या कंपनीतून कोणी डोकावले, ते सांगता येते. पण आपल्याकडे बरेच लोक मोबाइलवरून येतात आणि मोबाइल कंपन्या एकच क्रमांक अनेक ग्राहकांत वाटतात. तेथे ही खूण फसते.

खरा आधार ईमेलचा. गिऱ्हाइकाने कोठेतरी ईमेल लिहिला की त्याचा ठराविक लांबीचा संकेत तयार करता येतो. तोच ईमेल दुसऱ्या कंपनीला दिला आणि तिने तीच पद्धत वापरली, तर संकेतही तोच निघतो. दोन पेढ्यांच्या खतावण्या ताडून पाहाव्यात तशा या नोंदी जुळवल्या जातात. अमेरिकेतील लाइव्हरँप कंपनीचा धंदा अशाच जुळवणीवर उभा आहे. ईमेल नसेल तेथे यंत्र, वेळ, ठिकाण यांवरून अंदाज बांधला जातो. पक्की जुळणी आणि अंदाज, दोन्ही एकाच यादीत येऊ शकतात. फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि गिऱ्हाइकाची संमती? भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. नियमांतील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माहिती दुसऱ्याने गोळा केली, आम्ही फक्त यादी घेतली, या सबबीवर विसंबून राहू नये.

तेव्हा विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी मागाव्यात: यादीतील किती नावे पक्क्या जुळणीची आहेत आणि त्या माणसांनी संमती कोठे, कोणत्या शब्दांत दिली.