पैठणी, हिमरू, बिदरी... संभाजीनगरच्या बाजारातून काय घ्यावं आणि खरं-खोटं कसं ओळखावं?

छत्रपती संभाजीनगर : पाहुणे आले की आपल्या शहरात ठरलेला कार्यक्रम असतो. सकाळी वेरूळ, परतताना दौलताबाद, संध्याकाळी बिबी का मकबरा. आणि शेवटी गाडीत एक प्रश्न हमखास येतो, "इथून न्यायला काय चांगलं मिळतं?"

गेल्या दिवाळीत पुण्याची मावशी आली, तेव्हा उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली. वेरूळ रस्त्यावरच्या एका दुकानातून तिने 'हातमागाची' म्हणून हिमरूची शाल घेतली. घरी आल्यावर शालीचं टोक उलटून पाहिलं, तर ती शाल विणलेली नव्हतीच. नक्षी कापडावर छापलेली होती! पैसे फार गेले नाहीत, पण मावशी आजही ती शाल दाखवून मला चिडवते. इंजिनीअर भाचा सोबत असून फसले म्हणते.

म्हणूनच हा एक्सप्लेनर. आपल्या शहरात आणि आसपास खरेदीसाठी काय खास आहे, ते तयार कसं होतं आणि दुकानात उभं असताना पाच मिनिटांत काय तपासायचं, जाणून घेऊया.

आधी जुन्या शहरातून एक फेरी

मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. इथल्या दरवाजांची नावं म्हणजे जुन्या काळचे दिशादर्शक फलक. दिल्ली गेट दिल्लीच्या वाटेवर, पैठण गेट पैठणच्या वाटेवर.

पायी फिरायचं तर पैठण गेटपासून सुरुवात करा. टिळक पथाने गुलमंडी, तिथून मच्छली खडक, सिटी चौक, सराफा आणि शेवटी शहागंजचा घड्याळाचा टॉवर. साड्या, भांडी, अत्तर, दागिने, सुकामेवा असं सगळं या एका पट्ट्यात मिळतं. गुलमंडीला इमरती खायला विसरू नका. जुन्या शहरात नान-खलियाही चाखता येतो. हा पदार्थ तुघलकाच्या फौजेसोबत इथे आला असं सांगतात.

जेवणानंतर पान हवं असेल तर उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर आहेच. तिथल्या 'कोहिनूर' पानाच्या पाच हजार रुपये किमतीची बातमी देशभर झाली. घाबरू नका, खिशाला परवडणारी पानंही तिथे मिळतात!

हिमरू : नावातच 'सारखा'

मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्याच्यासोबत आलेल्या विणकरांनी ही कला इकडे आणली, असं परंपरा सांगते. 'हिमरू' हा शब्द फारसी 'हम-रूह'वरून आल्याचं मानलं जातं. त्याचा अर्थ 'सारखा दिसणारा'. कोणासारखा? तर राजघराण्यांच्या सोन्या-चांदीच्या तारांनी विणलेल्या किनखापासारखा.

किनखाप सामान्यांना परवडत नव्हता. त्यावर विणकरांनी काढलेला तोडगा म्हणजे हिमरू. खालचं कापड सुती आणि नक्षीसाठी रेशमाचा जादा आडवा धागा. नक्षी जिथे नको असते, तिथे हा धागा कापडाच्या मागच्या बाजूने मोकळा धावतो. त्यामुळे कापडाला मऊपणा आणि ऊब येते. हिमरूच्या शाली प्रसिद्ध झाल्या त्या यामुळेच.

पारंपरिक पद्धतीत खड्ड्याच्या मागावर दोन माणसं लागत. एक जण धोटा फेकणार, दुसरा नक्षीनुसार दोऱ्या ओढणार. या दोऱ्यांच्या संचाला 'जाला' म्हणतात. कोणत्या ओळीत कोणते धागे उचलायचे, ही सगळी माहिती त्या दोऱ्यांच्या गाठींत साठवलेली असते. हार्ड डिस्कच म्हणा ना!

जाफर गेट, नवाबपुरा भाग हिमरूच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. मात्र हातमागावर हिमरू विणणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बाजारात 'हिमरू' म्हणून मिळणारा बराचसा माल यंत्रमागाचा असतो.

काय तपासाल?
- शाल उलटी करा. मागे मोकळे धागे दिसले नाहीत आणि नक्षी रंगासारखी झिरपलेली वाटली, तर ती छापील आहे.
- मोकळे धागे दिसले म्हणजे लगेच हातमाग, असंही नाही. यंत्रावरही असे धागे येतात. त्यामुळे "माग कुठे आहे, बघता येईल का?" हे थेट विचारा.

पैठणी : इथे उलट नियम

संभाजीनगरपासून साधारण 50 किलोमीटरवर पैठण. सातवाहनांची राजधानी, संत एकनाथांचं गाव. पैठणीचं नाव या गावावरून पडलं, तरी आज विणकामाचं मोठं केंद्र नाशिक जिल्ह्यातलं येवला आहे. पैठणमध्येही हातमाग सुरू आहेत. राज्याच्या लघुउद्योग विकास महामंडळाच्या पैठणी केंद्रात प्रत्यक्ष विणकाम पाहता येतं. पाहुण्यांना आधी माग दाखवा आणि मग दुकानात न्या, हा क्रम लक्षात ठेवा.

अस्सल पैठणीचा काठ आणि पदर टॅपेस्ट्री पद्धतीने विणतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. मोराचा निळा रंग जिथे संपतो, तिथे निळा धागा जरीच्या धाग्यात अडकवून परत फिरवतात. एकेका रांगेसाठी अशा कितीतरी कांड्या हाताने फिरवाव्या लागतात. म्हणून पदर पुढून जसा दिसतो, जवळपास तसाच मागूनही दिसतो.

म्हणजे हिमरूचा नियम इथे उलटा होतो. हिमरूच्या मागे मोकळे धागे असायला हवेत, पैठणीच्या मागे नकोत. पदराच्या मागे कापलेल्या धाग्यांची दाटी किंवा जाळी दिसली, तर ती साडी यंत्रमागाची किंवा जॅकार्डची समजा.

आणखी एक खूण म्हणजे धूप-छाव. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले, की साडी हलवताना रंग बदलल्यासारखा वाटतो. पण ही खूण एकटी पुरेशी नाही, हा परिणाम यंत्रावरही साधता येतो.

किमतीचं साधं गणित

"हातमागाची अस्सल पैठणी, फक्त तीन हजार!" असं कोणी म्हटलं तर काय समजायचं?

केवळ हिशेबासाठी धरा, एका साडीला दोन महिने लागले. म्हणजे कामाचे साधारण 50 दिवस. विणकराला दिवसाचे 500 रुपये मिळतात असं मानलं, तर निव्वळ मजुरी झाली 25,000 रुपये. रेशीम, जर, रंगाई आणि दुकानदाराचा नफा यात धरलेलाच नाही. नक्षी दाट असेल तर हेच काम अनेक महिने चालतं.

आता तीन हजारांच्या साडीला हेच गणित लावा. रेशीम फुकट मिळालं असं मानलं तरी विणकराला दिवसाला 60 रुपये पडतात. म्हणजे एकतर साडी हातमागाची नाही किंवा विणकर उपाशी आहे.

यंत्रमागाची 'सेमी पैठणी' विकणं हा गुन्हा नाही. परवडणारी आणि छान दिसणारी साडी हवी असेल तर खुशाल घ्या. प्रश्न ती हातमागाची म्हणून विकली जाते तेव्हा येतो. एका खोट्या साडीने गिऱ्हाईक फसतं आणि खऱ्या विणकराचं गिऱ्हाईकही जातं. मग त्याचा मुलगा मागावर कशाला बसेल?

बिदरी : काळ्यावर चांदी

बिदरीचं मूळ गाव कर्नाटकातलं बिदर, पण आपल्या शहरातल्या हस्तकलेच्या दुकानांतही ती मिळते. जस्त आणि थोडं तांबं मिसळून वस्तू ओततात. त्यावर नक्षी कोरतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात.

खरी गंमत त्यानंतर. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम वस्तूवर चोळला, की जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो. चांदीवर मात्र परिणाम होत नाही. रसायनशास्त्राचा असा सुंदर प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्येही पाहिला नव्हता.

काय तपासाल? वस्तू हातात घेऊन वजन पाहा. अस्सल बिदरी जड लागते. नक्षीवरून बोट फिरवा. हलक्या पत्र्याला काळा रंग देऊन वर चंदेरी नक्षी रंगवलेली असेल, तर कडेला रंगाचे पोपडे दिसतात.

कागजीपुरा : वाटेवरचा थांबा

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. नावातच कागद आहे. तुघलकाच्या काळापासून इथे हातकागद बनतो असं सांगितलं जातं. सुती कापडाच्या चिंध्या कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवून चाळणीवर पातळ थर उचलायचा, मग दाबून वाळवायचा. या कागदात लाकूड नसतं, सुती तंतू लांब असतात आणि म्हणून तो टिकतो. वह्या, लिफाफे, निमंत्रणपत्रिका असं बरंच काही मिळतं. बजेट कमी असेल तर पाहुण्यांसाठी याहून चांगली भेट नाही.

अजिंठ्याचे दगड : दोन हजार वर्षांचा धंदा

अजिंठ्याच्या फर्दापूर टी-पॉइंटवर चमकत्या दगडांचे स्टॉल दिसतात. आपल्यापैकी अनेक जण त्यांना टाळून बसकडे पळतात. पण या दगडांची गोष्ट मोठी आहे.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हापासून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट, अकीक, जांभळा अ‍ॅमेथिस्ट ही सगळी त्याच पोकळ्यांतली.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे ओनिक्स, म्हणजे पट्ट्यांचा अकीक, जात असल्याची नोंद आहे. तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमधून कापड जात होतं. म्हणजे मराठवाड्यातून दगड आणि कापड 'एक्स्पोर्ट' होण्याला दोन हजार वर्षं झाली!

काय तपासाल? भडक गुलाबी, गडद निळा असा दगड बहुतेक वेळा रंगवलेला असतो. भेगांमध्ये रंग साचलेला दिसतो का, ते पाहा.

'जुनी नाणी' घेताय? थांबा

किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या परिसरात कोणी हळूच 'जुनं नाणं' किंवा 'जुनी मूर्ती' पुढे करतं. वस्तू नकली असेल तर पैसे गेले. अस्सल असेल तर त्रास त्याहून मोठा. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या वस्तू आणि 75 वर्षांहून जुनी हस्तलिखितं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातून आलेल्या नातेवाइकांना हे नक्की सांगा.

इतर देशांत काय करतात?

अमेरिकेत हाच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी 1990 मध्ये कायदा केला. मूलनिवासी कारागिरांनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं तिथे गुन्हा आहे. सांता फे शहरात जुन्या राजवाड्याच्या ओसरीवर हे कारागीर स्वतः माल मांडून बसतात. सिएटलचा पाइक प्लेस मार्केट 1907 मध्ये सुरू झाला, तोही शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यातला दलाल हटवण्यासाठी.

आपल्याकडे जीआय मानांकन आहे आणि पैठणीला ते मिळालेलं आहे. पण पर्यटकाला वेरूळच्या वाटेवर कारागीर स्वतः भेटेल अशी ओसरी अजून नाही. तोवर गाडी कोणत्या दुकानासमोर थांबवायची, हे अनेकदा कमिशनवर ठरतं.

खरेदीआधी पाच गोष्टी

1. लेबल पाहा. सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध, हँडलूम मार्क म्हणजे हातमाग. दोन्ही वेगळे आहेत. सिल्क मार्क असलेली साडी यंत्रमागाचीही असू शकते.
2. धागा जाळून पाहा. दुकानदाराची परवानगी घेऊन एक सुटा धागा जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.
3. बिलावर लिहून घ्या. 'पैठणी' एवढंच नको. 'हातमाग, शुद्ध रेशीम' असं स्पष्ट हवं. लिहून द्यायला नकार मिळाला, तर तेच उत्तर समजा.
4. तक्रार करा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.
5. वार लक्षात ठेवा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. पैठण किंवा जुन्या शहराची खरेदी त्या दिवशी ठेवा, म्हणजे दिवस वाया जात नाही.

मावशी या दिवाळीत पुन्हा येणार आहे. तिला आधी पैठणला नेऊन माग दाखवायचं ठरलंय. साडी घ्यायची की नाही, ते ती नंतर ठरवेल. पण या वेळी साडीचं टोक उलटून पाहायला तिला कोणी सांगावं लागणार नाही.