लाकडातील पाणी आणि घराचा आराखडा

पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडते आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड दिसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पावसाळ्यात दाराची कड रंध्याने तासून घेतली, तर उन्हाळ्यातील फट आणखी रुंदावते. मग घरमालक सुताराला, सुतार वखारवाल्याला आणि वखारवाला हवेला दोष देतो. पुष्कळदा या तक्रारीचे मूळ लाकूड पुरवणारा आणि आराखडा करणारा वास्तुविशारद यांच्यात वेळेवर न झालेल्या बोलण्यात असते. त्यांनी कशाविषयी बोलावे हे समजण्यासाठी आधी लाकडाचे विज्ञान पाहू.

लाकूड हा लांबट, पोकळ पेशींचा जुडगा असतो. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. वाळताना प्रथम पोकळीतील पाणी जाते. तेव्हा वजन घटते, आकार मात्र बदलत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर आले की भिंतींतील पाणी निघू लागते आणि लाकूड आकसते. हवा दमट झाली की हीच क्रिया उलट होते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर लाकडातील जलांश कालांतराने साडेसात टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ती ८५ टक्के असेल, तर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास.

हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. पूर्ण ओले सागवान पूर्ण कोरडे झाले, तर खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने ते सुमारे २.५ टक्के आकसते आणि वार्षिक वलयांच्या कडेने सुमारे ५.८ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक.

आता एक हिशोब करू. चंद्रपूर-बल्लारशाकडील सागवान उन्हाळ्यात तिथल्या कोरड्या हवेत साडेसात टक्क्यांपर्यंत वाळले. त्याच्या कडेने कापलेल्या फळ्या जोडून ९० सेंटिमीटर रुंदीचे दार केले आणि ते रत्नागिरीत बसवले. पावसाळ्यात जलांश दहा टक्क्यांनी वाढला, तर दर टक्क्याला सुमारे ०.२ टक्के या हिशोबाने दार १८ मिलिमीटर फुगेल! ओंडक्यातून त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळ्या वापरल्या, तर हीच वाढ ८ मिलिमीटरच्या आसपास राहील. रंग-रोगणाने ओलावा शिरण्याचा वेग मंदावतो, थांबत नाही. पॅनेलच्या दारात पॅनेल खाचेत सैल बसवतात, ते याच कारणासाठी. पॅनेल खाचेतल्या खाचेत फुगते-आकसते आणि दाराची रुंदी फारशी बदलत नाही.

परंतु आराखड्याबरोबरच्या तपशिलात बहुधा 'उत्तम प्रतीचे सागवान' एवढेच लिहिलेले असते. त्यात जलांश नाही आणि कापण्याची दिशाही नाही. येथे लाकूड पुरवणारा केवळ घनफुटाचा भाव सांगणारा न राहता सल्लागार होऊ शकतो. आमच्या मते त्याने वास्तुविशारदाशी चार गोष्टी आधीच ठरवाव्यात.

पहिली, माल देताना जलांश किती असेल आणि तो कोण मोजणार. भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. २८७ या मानकात देशाचे हवामानानुसार विभाग पाडून निरनिराळ्या कामांसाठी जलांशाची कमाल मर्यादा दिली आहे. विद्युतरोधावर चालणाऱ्या छोट्या मापकाने वखारीतच तपासणी करता येते. दुसरी, फळ्या कोणत्या दिशेने कापायच्या. त्रिज्येच्या दिशेने कापताना लाकूड अधिक वाया जाते आणि भाव चढतो. म्हणून अशा फळ्या कोठे अत्यावश्यक आहेत, हे वास्तुविशारदाने सांगावे. तिसरी, कोणत्या मापाचे लाकूड खरोखर उपलब्ध आहे. रोपवनातील ओंडके जुन्या जंगलातील ओंडक्यांपेक्षा बारीक असतात. आराखड्यात रुंद फळी काढून नंतर ती शोधत हिंडण्यापेक्षा, अरुंद फळ्यांना साजेसा आराखडा केलेला बरा. चौथी, वेळ. फळ्या हवेत वाळायला महिने लागतात. भट्टीत हे काम लवकर होते, पण तेही एका रात्रीत नाही. मागणी उशिरा आली की ओले लाकूड गवंड्याच्या ओल्या भिंतीत जाऊन बसते.

यात केवळ पैशाचा प्रश्न नाही. सागाचे झाड इमारती लाकडाला योग्य होण्यास अनेक दशके लागतात. ते दार दहा वर्षांत वाकडे होऊन टाकून द्यावे लागले, तर तेवढी वर्षे वाया गेली.

हा विषय वर्गात सहज शिकवता येईल. सुताराकडून ओलसर लाकडाचा तुकडा आणा. वजन करून १०३ अंश सेल्सियसच्या भट्टीत, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. समजा, ५८ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम झाला. घटलेल्या ८ ग्रॅमला कोरड्या ५० ग्रॅमने भागले, की जलांश १६ टक्के. भागाकार कोरड्या वजनाने असल्यामुळे ताज्या लाकडाचा जलांश शंभराच्या वरही जाऊ शकतो. हे का, ते विद्यार्थ्यांना विचारा. भट्टी नसेल, तर वलये स्पष्ट दिसतील अशी पातळ चकती खोडाला आडवी कापून घ्या. व्हर्नियर कॅलिपरने तिची दोन्ही दिशांची मापे घ्या, दिवसभर पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. ती कोणत्या दिशेने अधिक फुगली, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.