नाव सांगणारा फोटो

हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर बदकांचे फोटो काढायला आपल्यापैकी बरेच जण जातात. घरी येऊन बघावं तर चकाकत्या पाण्यावर नुसते काळे ठिपके! कारण सोपं आहे. उजळ पाणी पाहून कॅमेरा सगळं चित्रच काळोखं करतो. अशा वेळी एक्स्पोजर थोडं वाढवा. हळदी-कुंकू बदकाचं नाव पडलं चोचीच्या पिवळ्या टोकावरून आणि कपाळाजवळच्या तांबड्या ठिपक्यांवरून. तेच दिसले नाहीत तर फोटो कशाचा? उलट, तलवार बदकाच्या नराच्या पांढऱ्या छातीवर ऊन असेल तर एक्स्पोजर कमी करा, नाहीतर पिसांची नक्षी पुसली जाते.

सकाळचं ऊन पाठीशी घ्या. उभ्याने नको, बांधावर बसून काढा आणि फोकस डोळ्यावर ठेवा. पोहणाऱ्या बदकाला १/५०० सेकंद पुरतो, उडणाऱ्याला १/२००० लागतो.

बदकांनी खाणं सोडून माना उंच केल्या, की समजा आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबा. तलवार बदकं हजारो किलोमीटर परत जायची असतात; त्यासाठी साठवलेली ताकद आपल्या एका फोटोपायी खर्च व्हायला नको.