वरातीतली गिटार: गेन कमी, मिड जास्त

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागात लग्नसराईत बँडच्या गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड यांच्या जोडीला गिटारही दिसते. तिच्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर क्वचितच असतो. केबल पायाशी ठेवलेल्या प्रोसेसरमध्ये जाते आणि तिथून थेट मिक्सरला. ॲम्प म्हणजे त्या डबीतला प्रोग्रॅम. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा ‘पॉड’ आला आणि ही तऱ्हा रुळत गेली.

घरी हेडफोनवर झकास वाटलेला प्रीसेट वरातीत मात्र भुंग्यासारखा गुणगुणतो आणि पॅड सुरू झालं की ऐकूच येत नाही. मग वादक गेन वाढवतो. तिथेच चुकतं.

गेन म्हणजे आवाज नव्हे. गिटारचा सिग्नल ॲम्पच्या पहिल्या टप्प्यात किती जोराने ढकलायचा, एवढंच तो ठरवतो. जोर मर्यादेबाहेर गेला की लहरींचे माथे कापले जातात, तेच डिस्टॉर्शन. माथे कापले की हळू छेडलेली आणि जोरात छेडलेली तार जवळपास सारखीच ऐकू येते. सूर लांबतो हे खरं, पण ठोका बोथट होतो आणि कॉर्डचा लगदा होतो. साउंडवाल्याला तो नंतर काढता येत नाही. रश्श्यात पडलेलं तिखट परत काढता येत नाही, हे नंदुरबारसारख्या मिरचीच्या बाजारपेठेतल्या माणसाला काय सांगायचं!

म्हणून गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, प्रोसेसरवरचा गेन खाली आणा आणि सहाही तारा जोराने छेडत तो हळूहळू वाढवा. आवाज जरासा फाटू लागला की थांबा. ऱ्हिदमसाठी त्याच्या थोडं मागे, लीडसाठी थोडं पुढे. आवाज हवा असेल तर लेव्हलचा नॉब आहेच. हंबकर पिकअपचा सिग्नल सहसा सिंगल कॉइलपेक्षा दणकट असतो, त्यामुळे मित्राच्या गिटारवर जुळलेला प्रीसेट तुमच्या गिटारवर तसाच चालेल असं नाही. इनपुटचा लाल दिवा मात्र लागू देऊ नका. तिथली फाट कानाला कर्कशच लागते.

आता टोन. आधी कॅबिनेटची सेटिंग पाहा. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवत नाही. मिक्सरला जोडलेले स्पीकर सगळंच वाजवतात. मिक्सरला जाताना कॅबिनेट बंद राहिलं, तर भुंगा तिथूनच येतो.

मग बास. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. तिथे पॅडचा बास ड्रम आणि कीबोर्डचा डावा हात आधीच ठाण मांडून असतात. गिटारने तिथे भांडू नये. बास निम्म्याखाली आणावा. तिची जागा मिडमध्ये, साधारण पाचशे ते दोन हजार हर्ट्झच्या दरम्यान. घरी एकटं वाजवताना मिड कमी केलेला टोन भारदस्त वाटतो; त्यावर विश्वास ठेवू नका. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण बास वाढवतो आणि मोठ्या आवाजात त्याचा नुसता गडगडाट होतो. प्रीसेट शक्य तितक्या मोठ्या आवाजात, कीबोर्डवाल्याला सोबत घेऊनच जुळवावा.

आकड्यांवरही जाऊ नका. जुन्या ॲम्पची नक्कल करणाऱ्या मॉडेलमध्ये ट्रेबल फिरवला की मिडही हलतो आणि पाचावर ठेवलेला नॉब म्हणजे ‘सपाट’ नव्हे.

जनरेटरची घरघर येत असेल तर आधी गेन उतरवा, नॉइज गेट नंतर. गेट फार कडक लावला तर सुराची शेपटी तुटते.

आणि सगळं जुळलं की सेव्ह करा. बऱ्याच प्रोसेसरवर सेव्ह न करता पुढच्या प्रीसेटवर पाय पडला की केलेले बदल पुसले जातात.